हत्तीला बसवलेला वायरलेस

४ मार्च, मंगळवार. सकाळी.

वायरलेस आला. परवाना मागच्या आठवड्यातच आला होता. दोन सेट आहेत. एक घरी, ऑफिसच्या टेबलावर. (ऑफिस म्हणजे पुढची खोली.) दुसरा हत्तीत. हत्ती म्हणजे आमचा टोइंगचा ट्रक. रंग करडा, मागे सोंडेसारखी क्रेन. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणतो. वही माझी, वाचणार मीच, तरी हे लिहून ठेवलेलं बरं. पुढे वय झाल्यावर डोकं साथ देईल न देईल.

हत्ती आधी हे चालवायचे. यांची पाठ धरल्यापासून लेक चालवते. सगळं काम घाटात, आणि घाटात मोबाईलला रेंज नाही. सकाळी गेलेली पोरगी संध्याकाळी दारात उभी राहीपर्यंत तिचा काही पत्ता नसतो. मला काळजी वगैरे अजिबात वाटत नाही. पण धंदा म्हटला की संपर्क हवा.

बसवणार कोण? कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारलं. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला. त्याचा पुढचा आठवडा मी कित्येक वर्षं बघतेय. तेव्हा ठरवलं, मीच बसवणार. मला विजेच्या कामाची उपजत समज आहे. घराची बेल मीच जोडली. ती बटण दाबून वाजत नाही, दार आपटलं की वाजते. पण आमच्याकडे दार न आपटता येतं कोण?

लेक म्हणाली, "आई, ते वायरिंग आहे. स्वेटर नाही."

म्हटलं, बघच तू.

योजना: जेवण झालं की सुरुवात. चहाच्या आधी काम फत्ते.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

चहा झाला. सेट खोक्यातच आहे. दुपारभर जागेचा अभ्यास केला. अशा कामात घाई करून चालत नाही.

५ मार्च, बुधवार.

सेटचा ब्रॅकेट डॅशबोर्डखाली बसवला. हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "तिथे गुडघा लागेल." यांचा लागेल. लेकीचा गुडघा माझ्यावर गेलाय, आटोपशीर आहे.

ड्रिल मशीन हातात धरलं की माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. भोकं सरळ पडली. स्क्रू घट्ट बसले. ब्रॅकेटला लोंबकळून पाहिलं, हलला नाही.

किरकोळ बाब: आता काच धुवायचं बटण दाबलं की पाणी काचेवर न जाता पायावर येतं. मागे कुठेतरी नळी असणार. गाडी बनवणाऱ्यांनी नळी अशा ठिकाणी नेलीच कशी, हा खरा प्रश्न आहे.

लेक संध्याकाळी आली. ओल्या चपला तेवढ्या माझ्या टेबलाजवळ आणून ठेवल्या.

६ मार्च, गुरुवार.

आज वीज जोडली. पुस्तिकेत लिहिलंय, वायर थेट बॅटरीवरून घ्यावी. पुस्तिका लिहिणारे लोक भित्रे असतात. बॅटरी पार पुढे, बॉनेटखाली. डॅशबोर्डच्या आत आयत्या एवढ्या वायरी असताना तिथवर जायचं कशाला? एक चांगली गुटगुटीत हिरवी वायर निवडली. टेस्टर लावला, दिवा लागला. सेट जोडला.

सुरू झाला! मग बंद पडला. मग सुरू झाला. मग बंद.

हे खुर्चीतून म्हणाले, "डावा इंडिकेटर चालू राहिलाय तुझा."

तर सध्या परिस्थिती अशी, की सेट फक्त डावीकडे वळताना चालतो, आणि तेव्हाही इंडिकेटरच्या तालावर. यांना घरातल्या सेटजवळ बसवून चाचणी घेतली. मी एवढं लांबलचक वाक्य बोलले, त्यातलं यांना "हॅ... ती... वाज... का" एवढंच पोचलं. मी लेकीला सांगितलं, घाटात डावीकडची वळणं भरपूर आहेत. तिला हा मुद्दा पटला नाही. तरुण पिढीला सबुरी नाही.

८ मार्च, शनिवार.

बॅटरीवरूनच वायर आणली. हे माझ्या मनात आधीपासून होतं.

लाल वायर लालला, काळी काळीला, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण बॉनेटच्या सावलीत दोन्ही काळ्याच दिसतात आणि चष्मा घरात होता. फ्यूज उडाला. फ्यूज उडण्यासाठीच असतो. तो वेळेवर उडाला म्हणजे तो मी नीट बसवला होता, असाच त्याचा अर्थ होतो.

नवा फ्यूज. चष्मा. पत्र्याच्या भोकात वायर घासू नये म्हणून रबराचं बूच. सेट सुरू झाला आणि सुरूच राहिला. मी डावीकडे वळले नाही, उजवीकडे वळले नाही, नुसती सीटवर बसून राहिले. बराच वेळ.

९ मार्च, रविवार.

अँटेना जेवढी उंच तेवढी रेंज लांब, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हत्तीचा सगळ्यात उंच भाग म्हणजे सोंडेचं टोक. अँटेना तिथेच बांधली. काय रुबाब दिसत होता! हे म्हणाले, "सोंड खाली येते, माहितीय ना?" मी उत्तर दिलं नाही. यांच्या प्रत्येक शंकेला उत्तर देत बसले असते तर आज संसार कुठे असता?

१० मार्च, सोमवार.

सोंड खाली येते हे मला माहीत होतं. इतकी खाली येते हे माहीत नव्हतं. लेक परत आली ती अँटेना हातात घेऊन, आणि केबल गळ्यात. ज्याची गाडी उचलत होती त्याच्या बॉनेटवर ती अँटेना आडवी झाली म्हणे. तो माणूस घाबरला, त्याला वाटलं ही गाडी उचलायचीच पद्धत.

आता अँटेना टपावर, मधोमध. खाली लोहचुंबक आहे, भोक पाडावं लागत नाही. लेकीने हे दोनदा विचारून घेतलं.

११ मार्च, मंगळवार.

शेवटचं काम, माइक अडकवायची क्लिप. इथे अनुभव कामाला येतो. पुस्तिका म्हणते डॅशबोर्डवर लावा. पण माणूस गाडी चालवताना हात पुढे ताणत बसेल का? मी सीटवर बसले, डोळे मिटले आणि हात सहज जिथे पडला तिथे क्लिप लावली. हँडब्रेकला अगदी लागून. डोळे मिटून केलेलं काम, पण पहिल्या झटक्यात जमलं.

संध्याकाळी पहिली रीतसर चाचणी. मी घरात, लेक घाटाच्या पायथ्याशी. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. जो दाबून बसेल त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. (ही पद्धत घराघरात हवी.) घरच्या सेटला बेस म्हणायचं. मी म्हटलं, "हत्ती, हत्ती, बेस बोलतोय." आणि लेकीचा आवाज, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा: "बोल बेस."

यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "जमलं की गं!" एवढं आश्चर्य दाखवायची गरज नव्हती.

निर्धार: सेट फक्त कामासाठी वापरायचा. लेकीला उगाच हाक मारायची नाही.

१२ मार्च, बुधवार.

लेकीला हाक मारली, पण कामासाठी. रेंज तपासायला सकाळी निघाल्यावर, पुलावर, पुलाच्या पलीकडे. मग ढग आले म्हणून. मग ढग गेले म्हणून. मग किल्ली सापडेना म्हणून. ती शेवटी म्हणाली, "आई, पोलीसपण वायरलेसवर एवढं बोलत नाहीत गं." मग मी दुपारी हाक मारली ते फक्त, आता हाक मारणार नाही हे सांगायला.

१४ मार्च, शुक्रवार.

आज एक विलक्षण गोष्ट घडली. सेट आपणहून बोलायला लागला. लेकीने मला हाक मारली नव्हती. ती कोणा गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि मला सगळं ऐकू येत होतं.

गिऱ्हाईक विचारत होतं, "ड्रायव्हर कुठे आहे?" ही म्हणाली, "ड्रायव्हर मीच." तो म्हणाला, "बरोबर कोणी नाही?" ही म्हणाली, "तुम्ही आहात की. हा पट्टा धरा. असा नाही, साहेब, बाळ धरल्यासारखा नाही. ओढून धरा."

मग तो काहीतरी शिकवायला लागला. ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही सांगता तसं केलं तर गाडी येईल, पण बंपर इथेच राहील. चालेल?"

मी ऐकतच राहिले. ही कोण? मोठा आवाज नाही, घाई नाही, समोरच्याला धरून ठेवणारा आवाज. आमच्याकडे जी न्हाणीघरातून "आई, टॉवेल!" म्हणून बोंबलते ती हीच?

मी बटण दाबून "शाब्बास" म्हटलं. तिला पोचलं नसावं.

१६ मार्च, रविवार.

रोज असं होतंय. ती घाटात थांबली की सेट बोलतो, निघाली की गप्प. कारण शोधायला म्हणून आज हत्तीत बसले. हँडब्रेक वर ओढला. सेटवरचा लाल दिवा लागला. हँडब्रेक सोडला, दिवा विझला. पुन्हा ओढला, पुन्हा लागला.

हँडब्रेकची मूठ वर आली की क्लिपमधल्या माइकचं बटण दाबते. म्हणजे गाडी उभी करून ती कामाला लागली की तिथलं सगळं माझ्या टेबलावर. आणि बटण दाबलेलं, त्यामुळे माझं तिला काहीच ऐकू जाणार नाही.

क्लिप चार बोटं सरकवायला हवी. लगेच. दुसऱ्याचं बोलणं असं चोरून ऐकणं बरोबर नाही. आजच सरकवते.

आज रविवार आहे. उद्या.

१७ मार्च, सोमवार.

बारका स्क्रूड्रायव्हर सापडत नाही.

१८ मार्च, मंगळवार.

स्क्रूड्रायव्हर सापडला. पण लावल्या लावल्या क्लिप काढली तर भोकं सैल होतात. पत्र्याला जरा स्थिरावू द्यावं.

आज लेकीच्या गिऱ्हाइकांत एक जोडपं होतं. गाडी कोणामुळे बंद पडली यावरून भांडत होते. लेक म्हणाली, "तुम्ही दोघं बोलून घ्या, मी तोवर चाक बघते." मग हळूच म्हणाली, "वहिनी, पेट्रोलचा काटा बघितला होतात का?" त्यानंतर कितीतरी वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मला हसू आवरेना. भाजी करपली. यांनी खाल्ली बिचाऱ्यांनी.

१९ मार्च, बुधवार.

एकाने वायरलेसची चौकशी केली. लेक म्हणाली, "माझ्या आईने बसवलाय. एकटीने. आमच्या घाटात असा सेट कोणाकडे नाही."

हे मला तोंडावर ती कधी म्हणाली असती का? माणसाचं खरं मन पाठीमागेच कळतं. क्लिपचं काम पुढच्या आठवड्यावर टाकलंय. सुरक्षिततेच्या दृष्टीने निरीक्षण पुरं होऊ दे.

सेट फार गरम होतो. कामसू आहे.

२१ मार्च, शुक्रवार.

नणंदबाई आल्या. चहा ओतत होते तेवढ्यात सेटला कंठ फुटला. लेक कोणा बाईंना सांगत होती, "काकू, चिडू नका. माझी आत्यापण अशीच. गाडी बंद पडली की आधी रस्त्याला शिव्या, मग गाडीला, मग नवऱ्याला. चावी फिरवायची राहिलीय हे सगळ्यात शेवटी."

नणंदबाईंनी कप खाली ठेवला. "ही आमची का?" मी म्हटलं, "वायरलेसवर आवाज बदलतो, वन्सं." त्या म्हणाल्या, "आवाज बदलेल, आत्या कशी बदलेल?" मग सेटकडे रोखून बघत म्हणाल्या, "आणि हे काय, दिवसभर तिच्या कानाशी बसतेस का तू?" मी म्हटलं, चाचणी चालू आहे. त्या म्हणाल्या, "कुणाची?"

बिस्किटं न खाता गेल्या. हे आतून म्हणाले, "अजून सरकवली नाहीस ना ती क्लिप?" यांना कसं कळलं? हे काही सांगत नाहीत, नुसते पाठीला पट्टा बांधून पडलेले असतात आणि यांना सगळं कळतं.

२४ मार्च, सोमवार. दुपारी.

आज गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. गाडीचं इंजिन निवेपर्यंत दोघी कठड्यावर बसल्या असाव्यात. बाईंनी विचारलं, पुढे काय करायचं ठरवलंयस.

लेक म्हणाली, "घाटापलीकडे टोलनाक्यावर कायम टोइंगची गाडी उभी पाहिजे म्हणतायत. रोजचं काम. एक तारखेपासून. तिथे खोलीही बघितलीय, टायरच्या दुकानावर. दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत."

बाई म्हणाल्या, "घरी सांगितलंस?"

"बाबांचं काही नाही. आईला कसं सांगू? आई तोंडाने हो म्हणेल. आणि मग माझी बॅग भरता भरता आजारी पडेल."

मी सेट बंद केला.

मग पुन्हा सुरू केला. बाई गेल्या होत्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

आजारी पडेल म्हणजे काय? मागे ती मैत्रिणींबरोबर सहलीला निघाली तेव्हा मला खरोखर ताप होता. थर्मामीटर बिघडलेला होता म्हणून दिसला नाही.

२५ मार्च, मंगळवार.

मी काहीही ऐकलेलं नाही. त्यामुळे मला काही बोलता येत नाही. ऐकलं म्हणावं तर कसं ऐकलं ते सांगावं लागेल.

जेवताना सहज विषय काढला. म्हटलं, टायरच्या दुकानांना फार आगी लागतात म्हणे. लेकीने माझ्याकडे बघितलं. "कुठे वाचलंस?" म्हटलं, असंच. मग म्हटलं, दोन्ही बाजूंना खिडक्या असल्या की वारा अंगावरून जातो, सर्दी हटत नाही. हे म्हणाले, "भाजी वाढ."

घाटापलीकडे वायरलेस पोचत नाही. मध्ये डोंगर आहे. पुस्तिकेत बघितलं, डोंगरावर उपाय दिलेला नाही.

२६ मार्च, बुधवार.

सकाळपासून अंग कणकणतंय. याचा कशाशीही संबंध नाही.

२७ मार्च, गुरुवार. संध्याकाळी.

आज अक्षर वाईट येणार.

दुपारी मी टेबलाशी बसले होते. सेट सुरू झाला. आधी वारा, मग लोखंडाचा कर्कश आवाज, मग काहीच नाही. आणि मग लेकीचा आवाज.

"आई. ऐकतेच आहेस, तर नीट ऐक."

माझ्या हातातून पेन पडलं.

"दगडी पुलाच्या वळणावर आहे. एक व्हॅन अर्धी रस्त्याबाहेर लोंबतेय. ओढताना माझ्या क्रेनची वायर ड्रमवरून घसरून अडकली. ना पुढे जाते, ना मागे. हँडब्रेक सोडता येत नाही, सोडला तर व्हॅन मलाच ओढून नेईल. म्हणून तू उत्तर देऊ नकोस, मला ऐकू येणार नाही. गावातल्या क्रेनवाल्या काकांना फोन कर. मोठी क्रेन घेऊन या म्हणावं. व्हॅनमध्ये कोणी नाही. आणि घाबरू नकोस."

मी उत्तर दिलं. ऐकू जाणार नाही म्हणाली, तरी दिलं. बटण दाबून नुसती ओरडत होते, उतर, गाडीतून उतर आधी, जाऊ दे ती व्हॅन, जाऊ दे आपला हत्ती! हे पाठ धरून धावत आले, हो, धावत, आणि माझ्या शेजारून फोन ओढून घेतला. काकांची क्रेन निघाली.

मग ऐकत बसण्याशिवाय काही हातात नव्हतं. इतके दिवस हौसेने ऐकलं, आज बसून ऐकावं लागलं. लेक बोलत राहिली. मधूनमधून, क्रेन येईपर्यंत. "आई, मी ब्रेकवर आहे. चाकांना दगड लावलेत." थोड्या वेळाने, "आई, व्हॅनवाले काका फार घाबरलेत. त्यांना पाणी दिलं." मग, "आई, बसलीयस ना? उभी नको राहूस." मी उभी होते. बसले. मग बराच वेळ काही नाही, आणि मग, "काही होत नाहीये म्हणून बोलत नाहीये गं. ठीक आहे मी." ती आमच्यासाठी बोलत होती. एका हाताने एवढं मोठं धूड धरून ठेवलेलं, आणि दुसऱ्या हाताने मला.

क्रेन आली. माणसांचे आवाज आले. व्हॅन वर आली. मग टक् असा बारीकसा आवाज झाला आणि सेट गप्प. ब्रेक सुटला होता. मी हाक मारली. ती म्हणाली, "येते. चहा टाक."

२८ मार्च, शुक्रवार.

काल लिहायचं राहिलं ते लिहिते.

चहा पिताना मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. लाल दिवा माझ्या गुडघ्याशी लागतो, आई. मी ट्रक चालवते, दिवे बघणं माझं काम आहे."

म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तू बोललीस?"

हे चहाच्या कपात बघत होते.

मी म्हटलं, म्हणजे ते, आमच्या घाटात असा सेट कोणाकडे नाही म्हणालीस, ते... म्हणाली, "तुला ऐकू जावं म्हणून म्हटलं. पण खोटं नव्हतं. असा सेट खरंच कोणाकडे नाही."

आणि त्या मुख्याध्यापिका?

लेक म्हणाली, "तेही तुझ्यासाठीच. समोर बसून सांगायला गेले की तू हसतेस आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागतेस. मला पुढे बोलताच येत नाही. म्हटलं सेटवर सांगावं. तिथे तुला मध्ये बोलता येत नाही."

मी हसले आणि घड्या घालायला उठले. दोघंही माझ्याकडे बघत राहिली. परत बसले.

तीन एप्रिलला जाणार आहे. टोलवाल्यांनी दोन दिवस मुदत दिली, क्रेनची वायर बदलून घ्यायला. मी म्हटलं, बरं. तेवढंच म्हणता आलं. अंगात कणकण नाही. थर्मामीटर नवा आणलाय, तोही बरोबर दाखवतो.

२९ मार्च, शनिवार.

क्लिप सरकवायला बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले. क्लिप डॅशबोर्डवर होती. लेकीने सकाळीच हलवलीय. नीट, सरळ, हाताच्या अंतरावर. हँडब्रेकशेजारी माझी भोकं तेवढी राहिलीत. हँडब्रेक ओढून बघितला. दिवा लागला नाही. बराच वेळ बघितलं.

आता सेट फक्त हाक मारली की बोलतो. घर फार शांत आहे. भाजी करपत नाही.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी.

आज निघणार. निर्धार: रडायचं नाही. आजारी पडायचं नाही. सूचना करायच्या नाहीत.

बॅग तिने स्वतः भरली. मी दोनदा उघडून बघितली, फक्त चेन तपासायला.

घाटमाथ्यापर्यंत सेट पोचतो, पुढे उतार लागला की बंद. असं ठरलंय, की माथ्यावर ती गाडी थांबवून शेवटची हाक मारेल. तेव्हा मी बोलणार आहे. जे समोर बसून बोलले नाही ते सगळं. चार ओळी पाठ करून ठेवल्यात.

त्याच दिवशी, दुपारी.

तिची हाक आली. "बेस, बेस, हत्ती माथ्यावर आहे. बोल आई."

मी माइक दोन्ही हातांनी धरला आणि बोलले. पाठ केलेल्या ओळी गेल्या कुठच्या कुठे, पण बोलले. म्हटलं, जा तू. मनापासून सांगते, जा. तुला घाटात काही होईल म्हणून ऐकत होते असं मी स्वतःलाच सांगायचे, ते खोटं आहे. तुझा कामावरचा आवाज मला घरी कधी ऐकायला मिळाला नव्हता. मला वाटायचं माझी मुलगी मला पुरती पाठ आहे, आणि तू रोज त्या टेबलावर मला नवीन भेटत होतीस. मला ती फार आवडली. तिला सांग. त्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेव. मी येईन तेव्हा मला कडेला बसव आणि काम करताना मध्ये मध्ये बघू दे, मी एक शब्द बोलणार नाही. एवढं सगळं बोलले. कधी नव्हे ते एका दमात. अडखळले नाही. रडले थोडी, पण ते निर्धार केला तेव्हा गृहीतच धरलं होतं.

मग थांबले. सेटमधून नुसती खरखर. म्हटलं, तिचाही गळा भरून आला असेल.

खरखर. आणि मग, "आई? आहेस ना? काही ऐकू येत नाहीये. बटण दाबलंस का?"

मी अंगठ्याकडे बघितलं. अंगठा माइकच्या पाठीवर होता.

बटण दाबलं. पण तेवढं सगळं दुसऱ्यांदा येतं होय तोंडात? शोधलं, एक शब्द सापडेना. ती वाट बघत होती, मागून कोणी हॉर्न वाजवत होतं. शेवटी म्हटलं, "उशी राहिलीय तुझी इथे."

ती हसली. "तिकडेपण मिळतात उशा, आई. निघते." आणि टक्.

मी माइक टेबलावर ठेवला. मागे वळले तर हे दारात उभे. पट्टा न बांधता आले होते, एक हात चौकटीला. डोळे पुसत म्हणाले, "मला ऐकू आलं. सगळं."

यांना कोण सांगत होतं!